ओरखडा कुठं हाय, दाखवा

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा असेन, तर माझ्या थोरल्या ताईच्या सासऱ्यांचा. आई-वडिलांचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. हे मी आई-वडिलांच्या तोंडावर सांगितलेलं आहे आणि त्यांनी मान डोलावली आहे. ताई आपल्या सासऱ्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. तर हे आमचे मामा म्हणजे पालघर तालुक्यातल्या समस्त खुर्च्या, टेबलं, पलंग आणि कपाटं यांचे एकमेव कैवारी. घर बदलताना कपाटाला ओरखडा पडला तर माणसं हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. मामांना असा ओरखडा परक्याच्या घरात दिसला तरी ते त्यावर बोट फिरवत उभे राहतात. तो कुठल्या जिन्याच्या वळणावर आणि कोणाच्या घाईमुळे पडला असेल, हे यजमानांना सांगतात. अंदाज बहुतेक वेळा खरा निघतो, त्यामुळे यजमानांना जास्त राग येतो. लोक मामांना हसतात. पूर्वी ते हसले की मला लाज वाटायची. आता मी म्हणतो, हसा, आणि हसून झालं की घरी जाऊन तुमच्या शोकेसचा उजवा कोपरा बघा.

आमचं घर दातिवऱ्याला. वडील दुसऱ्याच्या बोटीवर जात, आई मासळी सुकवून विके, आणि आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. खरं म्हणजे बारावीपर्यंतही मीच पहिला. ताईचं लग्न होऊन ती बोईसरला भाड्याच्या दोन खोल्यांत नांदत होती. कॉलेज बोईसरला, पण बहिणीच्या सासरी भावाने मुक्काम ठोकायचा म्हणजे आमच्याकडे नाक कापल्यासारखं. 'पोराला ठेवून घ्या' हे वडिलांना तोंडातून काढवेना. तेव्हा मामा स्वतः दातिवऱ्याला आले, पोटभर जेवले, आणि हात धुता धुता म्हणाले, "पोराला माझ्याकडं धाडा. कालेज बोईसरास, पोरगा दातिवऱ्यास, मधी एवढा रस्ता कशाला ठेवताव?" त्यांच्या भावकीत यावर पुष्कळ बोलणं झालं. "आज सुनेचा भाऊ घेतला, उद्या सुनेची आई येऊन बसेल," असं एकाने सुनावलं. मामा म्हणाले, "येऊं दे. तिच्या हातचं कालवण तू खाल्लंस नाय अजून." मी तीन वर्षं त्यांच्या घरी राहिलो. सुनेचा भाऊ म्हणून मामा मला पहिल्या दिवशी 'पावणे' म्हणाले, आणि पुढे मी त्यांचे पाय दाबत असलो तरी 'पावणे'च म्हणत राहिले.

मामा मूळचे एडवणचे. तरुणपणी दर्याला जायचे. पुढे तारापूरच्या कारखान्यांत भरती सुरू झाली तेव्हा औषधाच्या काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. हजारो बाटल्या न फोडता देशभर पाठवणारा माणूस घरी आला की मोकळा बसणार कसा? बोईसरला नोकरीसाठी आलेली निम्मी वस्ती भाड्याने राहते. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे बाराव्या महिन्यात कोणाचं ना कोणाचं बिऱ्हाड उठलेलं असतंच. सांगलीकडचे असोत की जळगावकडचे, बिऱ्हाड उठलं की मामा दारात हजर. खांद्यावर गोधड्यांचं गाठोडं, काखेत भावाच्या बोटीवरचं जुनं जाळं, आणि दोन्ही खिशांत मोजे. मोजे खुर्च्यांच्या पायांसाठी. बोईसरमध्ये ज्याचा एक मोजा हरवला त्याने दुसरा मामांकडे नेऊन द्यायचा, असा रिवाजच पडला होता. वस्तूला आधी गोधडी, तिच्यावर जाळं, आणि जाळं चारी बाजूंनी ताणून गाठ. मामा म्हणत, "जाळ्यात गावली की वस्तू गप ऱ्हाते." वस्तूचे दुश्मन तीन, असं त्यांचं ठाम मत: कोपरा, घाई, आणि मदत करायला आलेला शेजारी.

आमच्या स्वतःच्या घरात तर सामान कधी सुटतच नसे. अकरा महिन्यांनी पुन्हा बांधायचंच आहे, मग सोडायचं कशाला, हा मामांचा हिशेब. ताईने लग्नानंतर दोन वर्षं आपल्या सोफ्याचा रंग पाहिला नव्हता. खुर्च्यांनी बारा महिने मोजे घातलेले. एका खुर्चीच्या चार पायांत शाळेचा पांढरा, कारखान्याचा खाकी, कोणा लहान बाळाचा गुलाबी आणि एक लोकरीचा. घरात एकच टेबल होतं, तेही गोधडीत शिवलेलं. मी अभ्यासाला बसलो की वही मऊ गोधडीवर डुगडुगायची आणि पेन कागदातून आरपार जायचं. मी तसाच लिहीत राहिलो; ज्या घरात जेवतो तिथल्या टेबलाबद्दल तक्रार करायची नसते. पण पंधरा दिवसांनी कॉलेजातून आलो तर गोधडीला बरोबर मधोमध एक खिडकी कापलेली. माझ्या वहीच्या मापाची. कडा दोऱ्याने शिवून घेतलेल्या, म्हणजे सुतं निघू नयेत. मामा म्हणाले, "लिवा आता. पर कंपासपेटी गोधडीवरच ठेवायची." त्या खिडकीतून मी बी.ए. झालो. बाकीचं टेबल कसं दिसतं ते मला आजही ठाऊक नाही.

त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही असं मी म्हणणार नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर एक फार मोठी झाली. एका शिक्षकांचं बिऱ्हाड हलवताना मामांनी त्यांचं नवं लोखंडी कपाट जाळ्यात आवळलं, आणि त्या दिवशी गोधड्या कमी पडल्या म्हणून जाळं थेट पत्र्यावर आलं. जाळं आदल्या आठवड्यापर्यंत दर्यात होतं. सामान हललं, पण नव्या खोलीचा रंग सुकेपर्यंत कपाट दोन आठवडे तसंच बांधून ठेवलं. सोडलं तेव्हा मिठाने आपलं काम केलेलं होतं. कपाटाच्या दोन्ही दारांवर वरपासून खालपर्यंत गंजाचं जाळं उमटलेलं, चौकटी इतक्या सारख्या की कोणी पट्टी घेऊन आखल्यात असं वाटावं. शिक्षकांची बायको रडायच्या बेतात. मामांनी चष्मा लावून कपाट सगळीकडून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, गंज हाय तो माझा. मी घासून रंगवून देईन. पर ओरखडा कुठं हाय, दाखवा." आणि पुढच्या तीन रविवारी त्यांनी ते कपाट स्वतः घासून रंगवून दिलं. रंग मात्र होडीला लावायचा उरलेला होता, त्यामुळे बोईसरमधलं ते एकमेव समुद्रनिळं कपाट आहे. त्यानंतर जाळी गोड्या पाण्यात तीनदा धुतल्याशिवाय मामांनी कधी वापरली नाहीत. वास मात्र धुतल्याने गेला नाही.

सामान भरून टेम्पो निघाला की मामा मागे सामानाबरोबर उभे राहत आणि प्रत्येक खड्ड्याच्या आधी टपावर थाप मारत. बोईसर ते चिल्हार रस्त्यावर थापांची संख्या किती होत असेल, ते त्या रस्त्याने जाणाऱ्यांनी समजून घ्यावं. एकदा टेम्पोवाला वैतागून खाली उतरला. "चाचा, ये टेम्पो है, पालखी नहीं है!" मामा वरून म्हणाले, "पालखीच समज. धीरे चला."

आता माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे येतो, आणि ती सांगताना मला माझी बाजू घेता येणार नाही. मी बी.ए. झालो त्या दिवशी मामांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "पावणे, तुमचं सोताचं घर होईल तवा सामान मी नेणार. दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नाय." पुढे मला पालघरला सरकारी कार्यालयात नोकरी लागली, लग्न झालं, आणि काही वर्षं बोईसरला भाड्याने काढल्यावर पालघरला एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. दर भेटीत मामा विचारत, "कदी?" पण तोवर त्यांच्या गुडघ्याची वाटी बदललेली होती. भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबांना तारीख सांगू नकोस. तुमची लिफ्ट अजून सुरू नाही. ते ऐकायचे नाहीत, चढतील." मी होकार दिला आणि सामान हलवणारी कंपनी ठरवली. मामांना सांगितलं नाही.

पण बातमी ताईच्या पोटात राहिली नाही. ठरलेल्या सकाळी कंपनीची माणसं आमच्या बोईसरच्या खोलीत पुठ्ठे पसरत होती, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. रिक्षेत आधी गोधड्या दिसल्या आणि मग त्यांच्यामागे मामा. मी खाली धावलो. तोंडातून निघालं, "मामा, तुम्ही कसे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी समुद्राला 'ओला कसा' असं विचारलंय. "होडी वर ओढायला काय आवतण लागतं?" ते म्हणाले. आमच्या किनाऱ्यावर होडी वाळूवर ओढायची असली की जवळ जो असेल तो येऊन हात लावतो. कोणी कोणाला बोलावत नाही, आणि कोणी बोलावलं नाही म्हणून रुसत नाही. मामा हे म्हणाले खरे, पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

आत कंपनीची चार माणसं आणि त्यांचा मुकादम, सगळे उत्तर प्रदेशाकडचे, फटाफट काम करत होते. मामांनी फुग्या-फुग्यांच्या प्लास्टिकचा एक तुकडा उचलला आणि अंगठ्याने दाबला. फट्ट झालं.

"यात काय भरलाय?"

"हवा है, चाचा," मुकादम म्हणाला.

"हवा!" मामा माझ्याकडे वळले. "पावणे, तुमी कपाट हवेत बांधून न्यायला लागलाव?"

मुकादम हसला. मीही हसलो, आणि हसल्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर दोन तास मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिले. मी त्यांना एकदाही 'मामा, हे कसं बांधू' असं विचारलं नाही. शेवटी बायकोचं आरशाचं टेबल बांधून झालं तेव्हा ते उठले, त्यावरून हात फिरवला आणि मुकादमाला म्हणाले, "हात अच्छा हाय तेरा." खोटं कौतुक त्यांना करता येत नाही. हात खरंच चांगला होता.

पालघरला मात्र इमारतीच्या दारातच सोसायटीचे सेक्रेटरी उभे. जिन्याला दोन दिवसांपूर्वी रंग दिलेला. फिकट पिवळा, हात लावला तर डाग पडेल असा. "सामान सोमवारनंतर," सेक्रेटरी म्हणाले. "भिंतीला एक जरी ओरखडा पडला तरी सगळी इमारत मला धारेवर धरेल." मी विनंती केली, बायकोने केली. ती दूध उतू घालायला पातेलं हातात घेऊन उभी होती. मुकादम घड्याळ बघत होता. "साब, हमारी दूसरी बुकिंग है. पार्किंग में उतार देते हैं." म्हणजे माझ्या पहिल्या स्वतःच्या घराचं सामान चार दिवस उघड्यावर, वर चार भिंती रिकाम्या, आणि बोईसरच्या खोलीची चावी परत केलेली.

मामा गाडीतून उतरले. ते सेक्रेटरींपाशी गेले आणि त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं, "साहेब, तुमचं भांडण सामानाशी हाय का ओरखड्याशी?"

"ओरखड्याशी," सेक्रेटरी म्हणाले. "सामानाशी मला काय करायचंय?"

"मग तुमी आमच्यातलेच." मामा मागे वळले. "ए मुकादम, सामान राहूं दे. जिना बांधायला घे."

त्या जिन्यावर जे झालं ते मी जन्मभर सांगत राहीन. धक्क्याला लागताना होडीच्या अंगाला टायर लटकवतात, दगडावर आपटू नये म्हणून. मामांनी इमारतीला तसंच केलं. वरच्या कठड्यापासून खालच्या कठड्यापर्यंत जाळं ताणलं, जाळ्याच्या आत गोधड्या सोडल्या, आणि भिंत व गोधडी यांत वीतभर जागा ठेवली. "रंगाला टेकू द्यायचं नाय. कवळा हाय तो." कठड्यांच्या टोकांना मोजे. दिव्याच्या बटणांना मोजे. सेक्रेटरींच्या दाराच्या कडीलाही एक गुलाबी मोजा. कंपनीची माणसं आधी बघत उभी राहिली. मग मुकादमाने फोन काढून दुसऱ्या बुकिंगवाल्याला सांगितलं की गाडी पंक्चर आहे, आणि बाह्या सरसावल्या. "बोलो चाचा, किधर बांधना है?"

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई नाकाला पदर लावून बाहेर आल्या. "अहो, हा वास कसला?"

"बोंबलाचा," मामा म्हणाले. "रंगाच्या वासानं दोन दिस डोकं दुखतंय ना तुमचं? त्याच्यावर उतारा हाय."

बाई आत गेल्या. मला वाटलं, तक्रार करायला फोन शोधत असतील. त्या दोन गोधड्या घेऊन बाहेर आल्या.

मधेच भावोजींचा मला फोन. "बाबा तिकडे आलेत? चढले तर नाहीत ना?" मामांनी माझ्या हातातून फोन घेतला. ते तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे होते, एक पाय वरच्या पायरीवर. "मी चढत नाय," ते ओरडले. "मी बांधत चाललोय. वर जातोय तो जिना!" आणि फोन बंद करून परत दिला.

संध्याकाळपर्यंत सगळं सामान वर. गोधड्या उतरल्यावर सेक्रेटरी मोबाईलची बॅटरी लावून पायरी-पायरीने भिंत तपासत आले. मामा त्यांच्यामागे एक-एक पायरी, कठड्याला धरून. "दाखवा. ओरखडा कुठं हाय, दाखवा." सेक्रेटरींना सापडला नाही. मला वाटतं, शेवटी ते मनापासून शोधतही नव्हते.

मामा आमच्या नव्या घरात भिंतीला टेकून जमिनीवर बसले. गुडघा नारळाएवढा सुजला होता. बायकोने पाणी दिलं, पायाखाली उशी दिली. क्षमा मागायला मी त्यांच्याशेजारी बसलो. तेवढ्यात खाली कंपनीची गाडी निघाल्याचा आवाज आला आणि मामा म्हणाले, "गाडी चांगली होती, पावणे." बस. एवढंच. त्यांनी टोचून म्हटलं असतं तर मला उत्तर सुचलं असतं.

भावोजींनी त्यांना एडवणला मामांच्या धाकट्या भावाकडे विश्रांतीला ठेवलं, गोधड्या आणि जाळी माळ्यावर टाकली, आणि यापुढे हे सगळं बंद असं जाहीर केलं. मामांचा फोन तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि वर एका मोज्यात असतो, त्यामुळे वाजलेला त्यांना ऐकू येत नाही. मी दोनदा एडवणला जाऊन आलो. दोन्ही वेळा मामा मासळीवर बोलले, भरतीवर बोलले, माझ्या पगारवाढीची चौकशी केली. त्या दिवसावर ना ते बोलले, ना मी. तेव्हा मी घरी येऊन लिहायला बसलो. मला लिहिता येतं ते त्यांच्यामुळेच. ताईच्या हाती पाठवलेलं ते पत्र असं:

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे ते ताईकडून कळतं. तुम्हाला विचारलं तर 'बरा हाय' म्हणता, म्हणून तुम्हाला विचारत नाही.

तुम्हाला तारीख न सांगण्याचं कारण तुमचा गुडघा, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते निम्मं खरं आहे. निम्मं असं की नव्या इमारतीत शिकलेली माणसं राहतात, आणि त्यांच्यासमोर माझं सामान जाळ्यात बांधून, वास मारत वर जाईल, याची मला लाज वाटली. हे मी भावोजींना सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो आहे. यावर तुम्ही मला काय वाटेल ते बोला, फक्त गाडी चांगली होती असं म्हणू नका.

आता कामाचं. येत्या रविवारी आमच्या पहिल्या मजल्यावर नवं बिऱ्हाड येत आहे. काल सेक्रेटरी स्वतः माझ्या दारात आले आणि म्हणाले, "तुमचे ते गृहस्थ येतील का?" मी तुम्हाला न विचारता हो म्हणून टाकलं. भावोजी माझ्यावर फार चिडले आहेत. चिडू देत. मी त्यांना सांगितलं की मामा खाली खुर्चीवर बसतील आणि एकही पायरी चढणार नाहीत. हे तुम्हालाही सांगतो, आणि या बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही. चढणार मी. बांधणार मी. माझ्या कार्यालयातले दोघं आहेत, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आहेत. तुम्ही खालून ओरडायचं. माझी गाठ सैल पडली तर सगळ्यांसमोर माझी बी.ए. काढा, मला चालेल. माळ्यावरच्या गोधड्या मी उतरवून आणल्या आहेत. जाळं तीनदा गोड्या पाण्यातून काढलं आहे.

रविवारी सकाळी सातला रिक्षा घेऊन एडवणला येतो. मागच्या वेळी मी बोलावलं नव्हतं, तरी तुम्ही आलात. या वेळी बोलावतो आहे. या.